ऊसतोडीला निघण्याआधी एवढं कर

सहाची होईपर्यंत थांबू नकोस गं. तुझ्या लेकीची शाळा आत्ताच सुरू व्हायला हवी. चार वर्षांची आहे म्हणून तुला वाटतं अजून वेळ आहे, मला मात्र थोडा उशीरच झालाय असं वाटतं. तुला घाबरवायला म्हणत नाही. ऐकू न येणाऱ्या लेकरांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि सहाव्या-सातव्या वर्षी पहिल्यांदा शाळेची पायरी चढलेली कितीतरी पोरं मी बघितलीत. अंगानं धडधाकट, डोळे चौकस, हुशारीत कुणाला हार न जाणारी. पण त्यांना स्वतःचं नाव ठाऊक नसतं. आपल्याला नाव असतं, हेच ठाऊक नसतं. काल आणि उद्या म्हणजे काय ते माहीत नसतं. आई कुठे गेली, परत येणार की नाही, हे विचारावंसं वाटतं, पण विचारायचं कसं ते कळत नाही. मग रडायचं, चावायचं, हातातलं फेकायचं. लोक म्हणतात पोरगं हट्टी आहे.

ऐकणारं मूल पहिलीत येतं तेव्हा हजारो शब्द घेऊन येतं. कुणी बसून शिकवलेलं नसतं. चुलीपाशी, ओट्यावर, भांडणात, गाण्यात ते कानावर पडलेलं असतं. तुझ्या लेकीच्या कानावर ते पडत नाही, म्हणून तिच्यापर्यंत ते मुद्दाम पोचवावं लागणार. शाळेच्या पटावर नाव लागणं ही फार पुढची गोष्ट. आधी तिच्याकडे भाषा हवी. मी पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीपायी.

आधी आत्याचं, तुझ्या सासूचं, बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. पोटुशी असताना तू ग्रहणात विळीवर बसलीस, म्हणून असं झालं, हे मी तिच्या तोंडून ऐकलंय. ग्रहणाचा आणि कानाचा काही संबंध नाही. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं, पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घालून झाला, नवस बोलून झाला. त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. पण लेकीची जीभ जड नाही गं, तिला ऐकूच येत नाही. जे ऐकलं नाही ते बोलणार कसं? 'तिचा बाप पण उशिराच बोलला होता' या वाक्यानं किती लेकरांची दोन-दोन वर्षं खाल्ली, त्याचा हिशेब नाही. ताट पडलं की वळून बघते, ट्रॅक्टर आला की धावते, म्हणून ऐकू येतं असं धरून बसू नका. ताट पडलेलं तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं, ट्रॅक्टरची थरथर तळपायाला कळते. ही लेकरं इतकी बारकाईनं बघतात की घरच्यांची फसगत होते.

एक गोष्ट मोठी बहीण म्हणून स्पष्ट बोलते. तुला आत्याच्याच घरात दिलं. जवळच्या नात्यातल्या लग्नात जन्मजात बहिरेपणाची शक्यता थोडी वाढते, हे खरं आहे. यात तुझा दोष नाही, तुझ्या मालकांचा नाही, आणि आपल्या आई-बापाचाही नाही. त्यांनी रीत पाळली. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे दुसरं मूल झालं तर जन्मल्यावर महिन्याच्या आत त्याचे कान तपासून घ्यायचे. शंका आली तर तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. जगभर हाच वेळ धरतात. तेव्हा वाट बघत बसायचं नाही.

आता तपासणीचं. उद्या अंगणवाडीत जा आणि ताईला विचार, तपासणीची गाडी कधी येणार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ही योजना 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाली, आणि जन्मजात बहिरेपणा तिच्या यादीत आहे. पथक लवकर येणार नसेल तर थांबू नकोस, चिठ्ठी घेऊन थेट जिल्हा रुग्णालय गाठ. तिथे कान-नाक-घशाचे डॉक्टर कान बघतील, मळ असेल तर काढतील, आणि मग बेरा नावाची तपासणी सांगतील. डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते यंत्र बघतं. सुई नाही, दुखत नाही. पण लेकरू गाढ झोपलेलं लागतं. म्हणून त्या दिवशी तिला पहाटे उठव आणि एसटीत अजिबात झोपू देऊ नकोस. खिडकीत बसव, खाऊ दे, खेळव. गाडीच्या हेलकाव्यात झोप काढून ताजी झालेली पोर तिथे झोपत नाही, मग पुढची तारीख मिळते आणि एक रोज बुडतो तो बुडतोच. सर्दी असेल तर आधी ती बरी होऊ दे.

तपासणीचा कागद हातात आला की दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज कर. ऑनलाइन असतो, तालुक्याच्या सेवा केंद्रात भरून देतात. आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो लागतात. प्रमाणपत्राबरोबर युडीआयडी कार्ड मिळतं, ते देशभर चालतं. लहान वयात कधी कधी मुदतीचं प्रमाणपत्र देतात, मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेव. 40 टक्के किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असलं की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले बहुतेक फायदे मिळतात. सगळे कागद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स, आणि मूळ प्रत कुणाच्याही हाती सोडायची नाही. साहेबांनी ठेवून घेतली म्हणून हरवली, असं सांगत आलेल्या आया मी फार बघितल्या. आणि अर्जावर मोबाइल नंबर तुझा लिही.

कानाचं यंत्र केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून, उत्पन्न मर्यादेत असेल तर, फुकट मिळतं. मिळेपर्यंत लोक धडपडतात आणि मिळालं की डब्यात ठेवून देतात, हे बघून माझा जीव तुटतो. पहिल्या दिवशी ती ओढून फेकणार. कधी काही ऐकलेलं नसतं, एकदम गलका कानात शिरतो, तिनं तरी काय करावं! आधी अर्धा तास, तेही तिच्या आवडीच्या खेळात. मग हळूहळू वाढव, जागी असेपर्यंत कानात राहील इतकं. दोरीनं फ्रॉकला अडकव. रात्री काढून कोरड्या डबीत ठेव, घामानं आणि पावसाळी हवेनं यंत्र बिघडतं. शिट्टी वाजायला लागली तर बहुतेक वेळा यंत्र चांगलंच असतं, कान वाढलेला असतो आणि कानातला साचा ढिला झालेला असतो. साचा नवा करून घ्यायचा. बॅटऱ्या आठवड्या-दोन आठवड्यांत संपतात. किराणा भरताना त्यांचे पैसे बाजूला काढ.

डॉक्टर कदाचित कॉक्लियर इम्प्लांटचं, म्हणजे कानाच्या आतल्या ऑपरेशनचं बोलतील. ते सरकारी मदतीतून होतं, पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं, म्हणून विचारायला उशीर करू नकोस. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, 1983 पासूनची. एडिपमधल्या या ऑपरेशनांचं काम तीच बघते. करायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा, मात्र पूर्ण चित्र समजून. ऑपरेशन झालं की पोर घरी येऊन बोलायला लागते, असं नसतं. त्यानंतर महिनोन्‌महिने वाचा उपचाराला न्यावं लागतं, घरी रोज बसावं लागतं, बाहेरचा भाग बिघडला तर खर्च मोठा. शहराजवळ राहणाऱ्याला जमतं. तुमच्या तांड्यावरून दर आठवड्याला कोण नेणार, याचं उत्तर आधी काढा, मग सही करा.

आणि ऑपरेशन करा, यंत्र लावा, काहीही करा, हातानं बोलणं थांबवू नका. 'खुणा केल्या तर ती बोलायची नाही' असं तुला कुणी ना कुणी सांगेल, शिकलेली माणसंसुद्धा सांगतील. मला हे मान्य नाही. ज्या लेकरांना हातांनी भाषा मिळाली, त्यांच्यातल्या ज्यांना बोलता येण्यासारखं होतं ती बोललीही. आणि ज्यांना बोलता येणं शक्यच नव्हतं, त्यांच्याकडे निदान भाषा होती. तोंडाकडे बघून शब्द ओळखण्याची वाट बघत ज्यांचे हात बांधून ठेवले, त्यातल्या कित्येकांकडे दहाव्या वर्षी दोन्ही नव्हतं.

आता तुम्ही घरात करता त्या खुणा, जेव, पाणी, चल, झोप, मारीन, एवढ्यावर पोट भरतं, डोकं भरत नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. दिल्लीत 2015 साली तिच्यासाठी केंद्र निघालं, त्यांनी 10,000 शब्दांचा कोश व्हिडिओत करून ठेवलाय, मोबाइलवर फुकट बघता येतो. रोज रात्री जेवणं झाली की चार शब्द सगळ्यांनी मिळून शिकायचे. 'सगळ्यांनी' यावर माझा जोर आहे. एकटी आईच खुणा करते आणि बाकी घर गप्पा मारतं, तिथे ते लेकरू भरल्या घरात एकटं असतं. घरातल्या प्रत्येकाला एक खूण-नाव द्या: आजोबांची पगडी, काकाची मिशी, तिच्या स्वतःच्या गालावरचा तीळ. माणसांना नावं असतात हे तिला ज्या दिवशी कळेल, त्या दिवसापासून ती तुम्हाला विचारत सुटेल. आणि कोण, कुठे, का, काल, उद्या, हे शब्द अगदी सुरुवातीलाच.

इथे मला तुझ्या कोयत्याचं बोलायचंय. तू मागे राहिलीस तर तुम्हा दोघांच्या जोडीचा कोयता मोडतो, उचल अर्धी होते, आणि घेतलेली फिटली नसेल तर मुकादम दारात उभा राहतो, हे मला कुणी शिकवायला नको. 'आईनं घरी राहून मुलाकडे लक्ष द्यावं' असं शहरातल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते तुझ्या तोंडावर फेकणार नाही मी. पण तिला फडात घेऊन जाऊ नकोस. गाडी मागे येताना तिला ऐकू येणार नाही, हाक मारलेली कळणार नाही, अंधारात तर खूणही दिसणार नाही. आणि गाळपाचे पाच-सहा महिने कोपीवर गेले, की वर्षाचा निम्मा भाग भाषेविना गेला.

म्हणून आत्याला तयार कर. आजीच्या हातात वेळ असतो, माया असते, आणि खरं सांगू का, म्हाताऱ्या बायकांचे हात आपल्यापेक्षा मोकळे चालतात. त्यांना लाज नसते. तू निघायच्या आधी आत्यानं रोजच्या कामाचे शब्द लेकीबरोबर शिकून घेतलेले असले पाहिजेत. आणि एक कर, यात आळस नको: तुम्ही जाणार हे लेकीला सांगून जा. पहाटे झोपेत सोडून निघू नका. ऐकणाऱ्या पोराला उठल्यावर आजी सांगू तरी शकते, हिला उठल्यावर फक्त रिकामं अंथरूण दिसतं. फोटो दाखव: कोयता, ट्रॅक्टर, ऊस, कारखान्याचं धुराडं. कालनिर्णयच्या पानांवर जाण्याच्या दिवशी ट्रॅक्टर काढ, परतण्याच्या महिन्यावर तुझं तोंड काढ. आत्यानं रोज एक दिवस खोडायचा. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लाव, तोंडावर उजेड पडेल असा. तिला वाट बघण्यासाठी काहीतरी मिळेल.

शाळेचं आता. कायद्यानं सहा ते अठरा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे, आणि जवळची साधी शाळा की विशेष शाळा, हे निवडायचा हक्क तुमचा आहे. कुणी मास्तर 'इथे जमणार नाही' म्हणून परत पाठवू शकत नाही, आणि कुणी 'विशेष शाळेत घालू नका' अशी सक्तीही करू शकत नाही. माझं मत विचारशील, तर यंत्र लावून जिला बोललेलं बऱ्यापैकी कळतं आणि जी बोलू लागलीय, ती गावच्या जिल्हा परिषद शाळेत, आपल्या माणसांत शिकावी. गट साधन केंद्रातून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक येतात, त्यांना गाठायचं. पण जिला यंत्रानंही फारसं कळत नाही, तिनं कर्णबधिर विद्यालयात जावं, लांब असलं तरी. गावच्या वर्गात ती दिसायला बसलेली असते. फळ्यावरचं सुबक उतरवून काढते, वहीवर 'छान' असा शेरा मिळतो, आणि त्यातलं एक अक्षर तिला कळलेलं नसतं. अशी चौथी-पाचवीपर्यंत ढकललेली मुलं शेवटी आमच्याकडे यायची. बहिऱ्या मुलांच्या शाळेत मधल्या सुट्टीत, नळावर, पंगतीत हात चालू असतात. तिथे भाषा पुन्हा अंगावर पडते, तुला-मला ओट्यावर पडली तशी. मुंबईत माझगावला बिशप लिओ म्यूरिन यांनी अशी पहिली शाळा 1880 च्या दशकात काढली. एवढी वर्षं झाली, आणि अजून तांड्यावरच्या पोरीला शाळा शोधत फिरावं लागतं, याचा मला राग येतो.

निवासी शाळा म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येणार, यायलाच हवा. अनुदानित शाळेत राहणं-खाणं मोफत असतं, म्हणून डोळे मिटून सोडून यायचं नाही. आधी न सांगता एकदा जाऊन बघ. शिक्षक मुलांशी हातांनी बोलतात की नुसते ओरडतात? रात्री मुलींकडे बाई असते का, आणि तिला सांकेतिक भाषा येते का? न्हाणीघराला आतून कडी आहे का? शाळेची मान्यता दाखवा म्हणायचं. शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तीही विचारायची. विचारलं म्हणून चिडणारी शाळा असेल तर तिथून उठून ये. मोठ्या मुलींशी बोल, त्यांच्या चेहऱ्यावर कळतं.

आणि पाठवण्याआधी लेकीला शरीराच्या सगळ्या भागांच्या खुणा शिकव, लाजू नकोस. 'नको' कसं म्हणायचं, कुणी नको तिथे हात लावला तर कुणाला कसं सांगायचं, हे तिला यायलाच हवं. जी सांगू शकत नाही तिलाच वाईट माणूस हेरतो. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर तुझ्या आणि आत्याच्या दोघींच्या फोनमध्ये असू दे. आठवड्याला व्हिडिओ कॉल हवा, हे शाळेला प्रवेशाच्या दिवशीच सांग.

रोज ये-जा करायची शाळा मिळाली तर सगळ्यांत उत्तम. मग प्रश्न वस्तीपासून फाट्यापर्यंतच्या वाटेचा. पाचची होईपर्यंत एसटीत तिकीट नाही. पुढे प्रमाणपत्रावर 75 टक्के सवलत आहे. आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच, म्हणजे आत्या सोबत गेली तरी परवडेल. समग्र शिक्षा योजनेतून प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता मिळतो, मुलींना महिन्याला 200 रुपये दहा महिने मिळतात. गट साधन केंद्रात अर्ज दे आणि पोच घे. पैसे उशिरा येतात, पण अर्ज नसेल तर येतच नाहीत. लेकीच्या नावानं बँकेत खातं काढून ठेव. रस्त्यानं समोरून गाडी दिसेल अशा बाजूनं, उजवीकडून चालायची सवय लाव, मागचा हॉर्न तिच्यासाठी नाहीच. गळ्यात कार्ड: नाव, गाव, दोन फोन नंबर, 'मला ऐकू येत नाही'. गाडीच्या वाहकाला एकदा भेटून सांग. बहुतेक माणसं चांगली असतात, त्यांना फक्त माहीत हवं. गावाच्या नावाची पाटी तिला लवकर ओळखू दे, पाटीवरचं आपलं गाव वाचता येणं हा तिचा पहिला धडा होऊ शकतो.

गावच्या शाळेत घातलीस, तर बाईंना एवढंच विनव: फळ्याकडे तोंड करून बोलू नका, खिडकी पाठीशी ठेवून उभ्या राहू नका, तोंडावर उजेड हवा. तिला पुढे पण कडेला बसवा, म्हणजे बाकीची पोरंही दिसतील. श्रुतलेखनाचे मार्क तिच्याकडून मागू नका. दहावीला तिला जादा वेळ मिळतो, भाषा विषयांत सूट मिळते. ते कागद नववीतच करायचे असतात. ते फार दूर आहे, पण तुला ठाऊक असू दे की वाट तिथवर जाते. आणि त्याच्याही पुढे. 2023 च्या सप्टेंबरात सारा सनी नावाची ऐकू न येणारी वकील सर्वोच्च न्यायालयात सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह उभी राहिली. हे आत्याला सांग. 'पोरीच्या जातीला कशाला एवढा खर्च' हे बोलणं घरात निघेल तेव्हा तुझ्या मालकांनाही सांग. मुलगा बहिरा असता तर शाळा शोधली असती, आणि मुलगी आहे म्हणून चुलीपाशी ठेवली, असं आपल्या घरात व्हायला नको.

सगळं एकदम होणार नाही. निघायच्या आधी तीन कामं उरकून जा: तपासणी, प्रमाणपत्राचा अर्ज, आणि आत्याचे हात चालते करणं. शाळा बघायला मी येते, तुझ्याऐवजी मी जाईन हवं तर. तू फडात असलीस तरी काय बघितलं ते रात्री फोनवर सांगेन, आणि प्रवेशाच्या जागा मार्चमध्येच विचारून ठेवीन, कारण जूनमध्ये वसतिगृह भरलेलं असतं. परवाच्या बाजाराला तालुक्याला येशील तेव्हा फाइल आण. अर्ज आपण दोघी मिळून भरू.